मोफत दुकानात मदतीला यायचंय? आधी हे वाचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमचं मोफत दुकान आहे. तिथे काम करायला यायचं म्हणून जे फोन येतात, त्यांत बरेचसे प्रश्न तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायलाच हवं असं नाही, पण दात्याला ‘नाही’ कसं म्हणायचं तो भाग वाचल्याशिवाय येऊ नका.

हे दुकान म्हणजे नक्की काय?

एका गाळ्यात लोकांनी आणून दिलेल्या, वापरण्याजोग्या वस्तू मांडलेल्या असतात. कपडे, भांडी, पुस्तकं, खेळणी, दप्तरं, छत्र्या, मधूनच एखादा मिक्सर. ज्याला जे लागतं ते त्याने घेऊन जावं. पैसे नाहीत, अदलाबदल नाही. दारात देणगीची पेटीसुद्धा ठेवलेली नाही, कारण पेटी दिसली की माणूस खिसा चाचपतो आणि दोन वस्तू परत ठेवतो. गाळा एका हितचिंतकाचा आहे. वीजबिल, हँगर, पिशव्या, झाडू यांचा खर्च आम्ही आपसांत वर्गणी काढून भागवतो.

कल्पना आमची नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी भागात ‘डिगर्स’ नावाच्या मंडळींनी १९६० च्या दशकातच फुकट दुकानं चालवली होती. जर्मनीतल्या अनेक शहरांत अशी दुकानं आहेत आणि तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी पहिल्या थंडीचं जाकीट तिथूनच उचललेलं असतं. आपल्याकडे जुन्या कपड्यांचा हिशेब बोहारीण बघायची. चार साड्या नि दोन पँटी दिल्या की स्टीलचं एक पातेलं, आणि त्यावरून अर्धा तास घासाघीस. आम्ही पातेलं देत नाही, एवढाच फरक.

म्हणजे ‘माणुसकीची भिंत’च ना?

तिची बहीण म्हणा. २०१५ च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहद शहरात कुणीतरी भिंतीला खुंट्या ठोकल्या आणि नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. बघता बघता ती टूम भारतात पोचली आणि महाराष्ट्रातही शहरोशहरी माणुसकीच्या भिंती उभ्या राहिल्या. कल्पना झकासच आहे. घोडं अडतं ते भिंतीपाशी माणूस नसतो तिथे. पहिला पाऊस पडला की कपडे भिजतात, दोन दिवसांत ढिगाला कुबट वास येतो, कुत्री त्यावर मुक्काम ठोकतात, मग येणारे-जाणारे कचऱ्याची पिशवीही तिथेच टेकवायला लागतात.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत ठिकठिकाणच्या महापालिका-नगरपालिकांनी जुन्या वस्तूंची ‘ट्रिपल आर’ (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रं उघडली. तिथेही गोम हीच. फीत कापणं एका सकाळचं काम. त्यानंतर रोज शटर वर करून आलेला माल निवडायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

मला नेमकं काय काम करावं लागेल?

नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुणाच्या तरी हातात स्वेटर ठेवतानाचं चित्र असतं. प्रत्यक्षात तुमचा बराचसा वेळ मागच्या खोलीत, पंख्याखाली, पिशव्या उपसण्यात जाईल. दुकान चांगलं की वाईट हे तिथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शर्ट हातात आला की आधी कॉलर उलटी करून बघा. मग काखा. पिवळट डाग धरला असेल तर तो निघायचा नाही, बाजूला टाका. बटणं मोजा. एखादं नसेल तर बऱ्याच शर्टांना आतल्या बाजूला, खालच्या शिवणीपाशी जादा बटण असतं. ते उसवून लावता येतं. पँटची चेन दोनदा खाली-वर करा आणि मांड्यांमधली शिवण उजेडासमोर धरा. मुलांच्या चड्ड्या आणि लेगिंग्जचं इलॅस्टिक ताणून सोडा. करकरलं तर ते मेलेलं आहे, ती वस्तू बाहेर जाणार नाही.

साडी पूर्ण उलगडायची म्हणजे उलगडायचीच. वरून कोरी दिसणारी जुनी रेशमी साडी घडीवर चिरलेली असते, आणि हे तिच्या मालकिणीलाही ठाऊक नसतं. साडीचा वासही घ्या. डांबरगोळ्यांचा वास दोन दिवसांच्या उन्हात जातो, बुरशीचा काही केल्या जात नाही. परकर-ब्लाऊज जोडीला असतील तर टाचणी लावून एकत्र ठेवा.

भांड्यांत ॲल्युमिनियमला पोचे चालतील, पण बूड गोल झालेलं चालणार नाही. ते गॅसवर डुगडुगतं. कुकर आला तर झाकण लावून बघा, गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा. व्हॉल्व्ह उडालेला असेल तर नवा बसवून आणेपर्यंत तो कुकर मागेच राहील. विजेची वस्तू दात्यानेच प्लगला लावून चालवून दाखवायची. ‘घरी चालत होता’ हे वाक्य मिक्सरच्या बाबतीत आम्ही ग्राह्य धरत नाही.

आणि खिसे. प्रत्येक खिसा, प्रत्येक पर्सचा आतला कप्पा, प्रत्येक साडीची घडी. लग्नातल्या अक्षता निघतात, डॉक्टरांची चिठ्ठी निघते, २०१६ आधीची पाचशेची नोट निघते, आणि कधी कधी चालू नोटांची सुरळी निघते, कारण आजींची बँक साडीच्या घडीतच असते. काहीही किमती सापडलं की लगेच दोघांच्या सहीने वहीत नोंद आणि दात्याला फोन. वहीत दात्याचा नंबर घेतो तो यासाठीच.

किती वेळ द्यावा लागेल?

आठवड्यातून एक पाळी, साधारण तीन तास. वार ठरलेला हवा. महिन्यातून एकदा उत्साहाने दिवसभर राबणाऱ्यापेक्षा दर गुरुवारी न चुकता येणारं माणूस आम्हाला जास्त उपयोगाचं.

दुकान गुरुवार, शनिवार, रविवारी दुपारी १ ते ६ उघडं असतं. निवडीचं काम सकाळी १० ते १. होय, पुण्यात असूनही आम्ही १ ते ४ उघडे असतो, आणि ते मुद्दाम. धुणं-भांडी, पोळ्या करणाऱ्या मावश्यांना सकाळची कामं उरकून संध्याकाळची सुरू व्हायच्या आत तेवढाच वेळ मोकळा मिळतो. गुरुवार निवडला तो बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते म्हणून.

कोणत्या वस्तू घेत नाही?

दाराशी पाटी आहे, पण पाटी वाचणं हा दात्यांचा स्वभाव नाही. म्हणून तुम्हालाच पाठ असलेलं बरं.

औषधं नाहीत, सीलबंद असली तरी नाहीत. औषध वाटायला परवाना लागतो आणि आपण दवाखाना नाही. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची मात्र जरूर घ्या, त्या एका दिवसात जातात. शिजवलेलं अन्न नाही. लग्नातला उरलेला भात घेऊन कुणी आलं तर ‘रॉबिन हूड आर्मी’सारख्या, हेच काम करणाऱ्या गटांकडे पाठवा.

बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि दूध पावडरचे डबे नाहीत. हे ऐकून लोक चकित होतात, पण १९९२ च्या कायद्याने या दोन्ही वस्तू दान करायला बंदी आहे, अपवाद फक्त अनाथालयाचा. आईचं दूध सुटू नये हा त्यामागचा हेतू. वाट्या-चमचे, झबली, दुपटी, पाळणा चालेल.

वापरलेली अंतर्वस्त्रं नाहीत. हेल्मेट नाही, कारण ते एकदा आपटलंय का हे बाहेरून कळत नाही. गाद्या नाहीत, ढेकणांमुळे. जुना डबा टीव्ही, मॉनिटर, फुटके मोबाइल नाहीत. तो ई-कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट अधिकृत ठिकाणीच लागली पाहिजे.

देवांच्या तसबिरी आणि मूर्ती हा वेगळाच पेच. घर बदलताना, आई-वडील गेल्यावर, देव्हारा लहान करताना लोक अवघडून, हात जोडून, फ्रेमची पिशवी आपल्यापुढे करतात. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. झाडाच्या पारावर ठेवण्यापेक्षा इथे बरं, असं त्यांना वाटतं. आपण घेत नाही. देवाची तसबीर दुसऱ्याच्या घरातून आणून कुणी भिंतीला लावत नाही, मग ती आपल्याकडेच धूळ खाते आणि तिला हलवायचा धीर कुणालाच होत नाही. ‘आतली तसबीर तुम्ही काढून ठेवा, काच आणि चौकट आम्ही घेतो’ एवढं सांगा. निम्मे लोक परत जातात, निम्मे घरी जाऊन तसं करून येतात.

दात्याला ‘नाही’ कसं म्हणायचं?

हे या कामातलं खरं कौशल्य, आणि ते लाजाळू माणसाला जड जातं. दाता गाडी दुसऱ्या रांगेत लावून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, चेहऱ्यावर पुण्य घेऊन येतो. त्याला वाटतं, आपण काहीतरी देतोय तर समोरच्याने आनंदाने घ्यावं. त्यात पिशवी समोरच उघडून बघितली तर काहींना अपमान वाटतो.

तरी उघडायचीच. आणि समोरच. नंतर निघालेलं फाटकं टाकायला आपल्यालाच नेऊन द्यावं लागतं, आणि कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंच्या ढकलगाडीत आधीच पुरेसा भार असतो.

शब्द साधे ठेवा. ‘काका, हे इथून कुणी उचलणार नाही, तुम्हीच घेऊन जा.’ कारण द्या: ‘कॉलर विरलीय’, ‘चाक नाहीये याला’. वाद घालू नका, माफीही मागू नका. हमखास ऐकू येणारं उत्तर असं असतं : ‘अहो, गरिबाला काय, चालतं!’ इथे हसून पण ठामपणे सांगायचं की चालत नाही. येणारी बाई आरशात बघून कपडा निवडते, तुमच्या-आमच्यासारखीच. एक सोपी कसोटी आम्ही दात्यांना सांगतो : ही वस्तू तुम्ही सख्ख्या भाचीला द्याल का? द्याल तर ठेवा.

काही जण रागावून जातात. जाऊ द्या. पुढच्या वेळी तेच लोक धुऊन, इस्त्री करून आणतात, असा आमचा अनुभव आहे. उलट एकदा सगळं मुकाट्याने घेतलं की पुढच्या खेपेला पिशवीत कॅलेंडर, फुटका मग आणि एकच मोजा निघतो.

येणारा खरोखर गरजू आहे हे कसं ओळखायचं?

ओळखायचं नाही. रेशनकार्ड विचारायचं नाही, ‘कुठे राहता’ विचारायचं नाही, कपड्यांवरून अंदाज बांधायचा नाही. दुकानात आलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक. ‘या, बघा. तिकडे आरसा आहे, पडद्यामागे घालून बघता येईल.’ बास.

यावर आमच्यातच दर दोन-तीन महिन्यांनी भांडण होतं. गाडीतून आलेल्या बाईंनी चांगली येवल्याची पैठणी उचलली की कुणाचा तरी जीव खालीवर होतोच. माझं मत असं : गाडीवाल्या बाई पुढच्या आठवड्यात चार पिशव्या आणतात, शिवाय त्या आल्या म्हणून कामवाल्या मावशींना इथे शिरताना संकोच वाटत नाही. फक्त ‘गरिबांचं दुकान’ झालं की गरीबही मान खाली घालून येतात. आमच्यातल्या एका काकांना हे आजही पटलेलं नाही, आणि त्यांची पाळी शनिवारी असते, हे आधीच सांगून ठेवतो.

पण मग कुणी सगळं घेऊन जुन्या बाजारात विकलं तर?

विकतात. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे आपल्या हँगरसकट शर्ट लटकलेला आमच्यापैकी काहींनी पाहिलाय. त्यावर उपाय म्हणून एका वेळी पाच नग एवढी मर्यादा आहे. लहान मुलांचे कपडे आणि पुस्तकं त्यात मोजत नाही. ब्लँकेट घरटी दोन. विजेची वस्तू तीन महिन्यांतून एक.

या पलीकडे पोलिसगिरी करू नका. पाच शर्ट विकून कुणी दिवसाची भाजी आणत असेल तर शर्टाचं काम झालंच की. मर्यादा आहे ती नंतर येणाऱ्यासाठी काही उरावं म्हणून.

स्वयंसेवकांना स्वतःसाठी काही घेता येतं का?

येतं. पण वस्तू निदान एक पूर्ण पाळी बाहेर मांडलेली असली पाहिजे, आणि तुमची पाळी संपल्यावर, इतरांसारखीच पाच नगांत. मागच्या खोलीतून थेट पिशवीत काहीही जाणार नाही. मैत्रिणीसाठी नाही, ‘आमच्याकडे कामाला आहे तिच्यासाठी’ही नाही. हा नियम मोडला की बाकीचे उघड बोलत नाहीत, पण यायचे बंद होतात. अशी कामं बंद पडतात ती पैशांवाचून कमी आणि या कुजबुजीने जास्त.

लोकांशी बोलायचं कसं?

सगळ्यांना अहो-जाहो. तुमच्या घरी ज्या ताईंना तुम्ही ‘अगं’ म्हणता, त्या इथे आल्या तर ‘या ताई, बसा’. ताई, मावशी, दादा, काका चालतं. ‘बाई’ नको, ‘ए भाऊ’ नको. बांधकामावरची मंडळी बरीचशी कर्नाटकातली, छत्तीसगडची, बिहारची असतात. मोडकंतोडकं हिंदी सगळ्यांना येतं, तेवढं पुरतं. माप विचारायला भाषा लागत नाही, शर्ट खांद्याला लावून बघतात.

एक गोष्ट टाळा : सल्ला. ‘हे नको, हे घ्या, टिकाऊ आहे.’ मावशींना चमकीचा फ्रॉकच हवा असतो, कारण नातीचा वाढदिवस आहे. टिकाऊ स्वेटर त्यांनी गेल्या वर्षी नेलाय.

वारलेल्या माणसाचे कपडे कुणी आणले तर?

आणतात, आणि बऱ्याचदा तेराव्यानंतर लगेचच. ही पिशवी मात्र समोर उघडायची नाही. खुर्ची द्या, पाणी द्या. सांगायचं असेल तर ऐका. ‘हा सफारी त्यांनी निवृत्तीला शिवला होता’ असं काहीतरी सांगतातच. नंतर आत नेऊन नेहमीसारखं निवडा. बाद निघालं तरी परत करू नका, आपणच मार्गी लावा.

‘हे मेलेल्याचे तर नाहीत ना?’ असं घेणाऱ्याने विचारलं तर खोटं बोलू नका. माहीत असताना ‘कुणी आणलेत ते आठवत नाही’ म्हणणं हेही खोटंच. माहीत असेल तर सांगा. ज्याला चालत नाही तो ठेवून देतो, पुढचा नेतो. पितृपंधरवड्यात हा प्रश्न फार येतो. तसंच शनिवारी तवे, कढया, सुऱ्या जात नाहीत. लोखंड शनिवारी घरात आणत नाहीत. ते रविवारी मांडलं तर तासाभरात उठतं.

गर्दी कधी असते?

माल येण्याची गर्दी आणि नेण्याची गर्दी जुळत नाही, हीच सगळी कसरत.

दिवाळीआधी घरं आवरताना माल नुसता कोसळतो. त्या पंधरवड्यात आम्हाला दुप्पट माणसं लागतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं होतात आणि फेब्रुवारीत वाणाची लाट येते : प्लॅस्टिकच्या चाळण्या, स्टीलच्या इवल्याशा वाट्या, एकसारख्या शंभर पर्स. लग्नसराईनंतर आहेर. ब्लाऊजपीस, टॉवेल-टोप्या, उपरणी, आणि चार लग्नं फिरून आलेली ती एक मोरपंखी साडी, जिच्या घडीत आधीच्या दोन आहेरांच्या चिठ्ठ्या तशाच असतात.

नेणाऱ्यांची झुंबड जूनमध्ये. शाळा सुरू होतात, दप्तरं, गणवेश, रेनकोट, डबे, छत्र्या कितीही असल्या तरी पुरत नाहीत. म्हणून रेनकोट वर्षभर कधीही आला तरी मागच्या माळ्यावर जूनसाठी राखून ठेवतो. हा एकच साठा आम्ही करतो.

शाळेच्या पुस्तकांचं सांगतो. गोष्टीची, शब्दकोश, नकाशे, स्पर्धा परीक्षांची अलीकडची पुस्तकं हवीच आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मात्र साल बघून घ्या. २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पुस्तकांत लिहायला कोरी पानं जोडली होती, ती पुस्तकं लिहून भरलेली असतात. २०२५-२६ पासून पहिलीपासून अभ्यासक्रम बदलायला लागलाय, त्यामुळे त्या-त्या इयत्तेचं जुनं पुस्तक बाद होत जाणार.

पूर आला, भूकंप झाला तर तुम्ही कपडे गोळा करून पाठवता का?

नाही. कळकळीने विचारतात, म्हणून नकाराचं कारण देतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. कुणी निवडलेले नव्हते, कुणी मागितलेले नव्हते. ‘गूंज’ ही दिल्लीची संस्था, जिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९९ पासून याच प्रश्नावर काम करते आहे. गावाने आपलं काम उभं करायचं, तळं खणायचं, रस्ता करायचा आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे-वस्तू घ्यायच्या, अशी त्यांची पद्धत आहे. दूरवर पाठवायचं असेल तर अशांच्या हाती द्या.

जवळ मात्र आम्ही आहोतच. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर इथल्याच सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा वेळी घरात चिखल झालेल्या माणसाला आधी खराटा, बादली, कोरडी चादर आणि पोरांचं दप्तर हवं असतं. सहावारीचं गाठोडं नको असतं. म्हणून आधी विचारायचं, मग द्यायचं.

फोटो, रील काढता येतील का?

वस्तूंचे काढा. माणसांचे नाही, पाठमोरेसुद्धा नाहीत. तुमचा सेल्फी बाहेर पाटीपाशी काढा, कुणाची हरकत नाही.

याच भागात भाऊंच्या वाढदिवसाचा प्रश्न येतो. एखाद्या भाऊंचे, दादांचे कार्यकर्ते फ्लेक्स घेऊन येतात आणि म्हणतात, आमच्या हस्ते दोनशे ब्लँकेटं वाटू. ब्लँकेटं आनंदाने घ्या, मांडा, वहीत नोंद करा. हस्ते-बिस्ते आपल्याकडे नाही. वस्तू मांडणीवरून घेणाऱ्याच्या स्वतःच्याच हस्ते जाते. चिडले तर मला फोन करा, मी बोलतो.

एनएसएसचे तास धरले जातील का? प्रमाणपत्र मिळेल का?

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र आणा, झालेले तास आम्ही लिहून सही करून देऊ. न झालेले नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येऊन एकदम साठ तास मागणाऱ्यांनी कृपया दुसरीकडे बघावं.

दात्याला ८०जी ची पावती मिळेल का?

नाही. ८०जी म्हणजे देणगीवर मिळणारी प्राप्तिकराची सवलत, आणि वस्तुरूपाने दिलेल्या दानावर ती मिळतच नाही. कुणी आग्रह धरला तर एवढंच सांगा.

जे जात नाही आणि जे बाद होतं, त्याचं काय?

सहा आठवडे मांडणीवर राहिलेली वस्तू उतरवतो. मऊ सुती साड्या आणि धोतरं गोधडी शिवणाऱ्या बायका घेऊन जातात. नऊवारी निघाली तर तिच्यासाठी आधीच नंबर लागलेला असतो. सुती टी-शर्ट, बनियन कापून गॅरेजवाल्यांना पुसायला. नायलॉन, जॉर्जेट, फाटक्या जीन्स यांना वाली नाही, हे खरं. जीन्सच्या पिशव्या शिवायचा प्रयोग चालू आहे, पण मशीन चालवणारी एकच ताई आहे. तुम्हाला शिवण येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी हे कळवा. रद्दी आणि भंगार विकून आलेले पैसे वीजबिलात जातात, हिशेब दारामागे लावलेला असतो.

मुलांना बरोबर आणलं तर चालेल?

दहा-बारा वर्षांपुढची असली तर उत्तम. खेळण्यांचे सेल तपासणं, कोड्याचे तुकडे मोजणं हे ती आपल्यापेक्षा चोख करतात. त्याहून लहान मुलं खेळण्यांपाशी ठाण मांडतात.

आमच्या गावात असंच दुकान काढायचंय. काय लागेल?

जागा सगळ्यात शेवटी शोधा. आधी ठरलेल्या वारी येणारी सहा माणसं, मग माल नाकारायची तयारी, मग बाद माल कुठे जाणार त्याची सोय. बोहारीण, गोधडीवाल्या, भंगारवाले गावात आधीच असतात, त्यांच्याशी बोला. त्यांच्या पोटावर पाय येणार नाही असं बघा. जागा तळमजल्यावरची, कोरडी, आणि आतलं बाहेरून दिसेल अशी. पूर्ण उंचीचा आरसा पहिल्याच दिवशी लावा. आरसा नसला की लोक हाताला येईल ते उचलतात आणि बदलायला परत येतात. नियम एका पानात मावले पाहिजेत. बाकी इकडे येऊन दोन पाळ्या करा, तोंडी सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

पहिल्या दिवशी येताना काय आणू?

सुती, जुने कपडे घाला. धूळ खूप असते. दम्याचा त्रास असेल तर मास्क लावा किंवा पुढची मांडणी घ्या, निवडीला बसू नका. ओढणी खोचलेली, केस बांधलेले. पाण्याची बाटली, आणि असेल तर धारेची छोटी कात्री. स्वतःच्या घरची जुन्या कपड्यांची पिशवी पहिल्याच दिवशी आणू नका, आधी दुसऱ्यांच्या चार पिशव्या निवडा. मग घरच्या पिशवीतलं निम्मं तुम्हीच काढून ठेवाल. दहाला शटर अर्धं वर असतं, वाकून आत या आणि वहीत नाव लिहा. साडेतीनला चहा येतो. तो विकतचा आहे, दहा रुपये.